मागच्यांना सांभाळणारा अंक: लिबटूलच्या आवृत्तिनियमांवर भाष्य

लिनक्सच्या एखाद्या संगणकावर शेअर्ड लायब्ररींच्या फोल्डरमध्ये डोकावले, तर तिथे लिबकर्ल.एसओ.४.८.० अशी एक फाइल सापडते. शेजारीच लिबकर्ल.एसओ.४ नावाची सिमलिंक असते आणि ती या फाइलकडे बोट दाखवते. कर्ल प्रकल्पाची जाहीर आवृत्ती मात्र २०२३ सालीच आठवर गेली. मग हा चार कुठला, मधला आठ कसला आणि शेवटचे शून्य कशाचे? रोज कोड लिहिणारी मंडळीही या अंकांकडे फारसे बघत नाहीत. एखादा प्रोग्राम सुरू व्हायलाच नकार देतो तेव्हा ते वाचायची वेळ येते, आणि तोवर चूक कोणाच्या तरी दुसऱ्याच्या हातून होऊन गेलेली असते.

या अंकांचे शास्त्र लिबटूलच्या मार्गदर्शिकेत जेमतेम एका पानावर मांडले आहे. लिबटूल हे ग्नू प्रकल्पाचे अवजार. गॉर्डन मॅट्झिगकाइट यांनी ते १९९६ मध्ये लिहायला घेतले. त्या काळी प्रत्येक युनिक्सची शेअर्ड लायब्ररी बांधण्याची आणि तिला नाव देण्याची रीत वेगळी होती. लायब्ररीच्या लेखकाने फक्त तीन अंक सांगावेत, त्यावरून त्या त्या सिस्टीमच्या रिवाजाप्रमाणे नाव बांधण्याचे काम लिबटूल करील, अशी ही योजना. नियम मूळ इंग्रजीत आहेत. इथे मी त्यांचा आशय माझ्या शब्दांत सूत्रासारखा आवळून घेतला आहे, क्रम मात्र मूळचाच ठेवला आहे, कारण या नियमांत क्रमालाही अर्थ आहे. नियम मोजके असूनही त्यांचा विपर्यास फार होतो. त्यातही तिसऱ्या अंकाचा होतो तो सर्वांत जास्त, आणि माझ्या मते सगळ्या योजनेचे मर्म त्या तिसऱ्या अंकातच आहे.

परिभाषा: करंट, रिव्हिजन, एज.

सूत्रांपूर्वी हे तीन शब्द पक्के करून घ्यायला हवेत. करंट हा इंटरफेसचा अनुक्रमांक. इंटरफेस म्हणजे बाहेरचा प्रोग्राम ज्याच्या ज्याच्यावर विसंबू शकतो ते सगळे: फंक्शनांची नावे, त्यांना द्यायच्या गोष्टींचे प्रकार, स्ट्रक्चरांची मांडणी, स्थिरांकांच्या किमती. रिव्हिजन म्हणजे तोच इंटरफेस कायम ठेवून आतल्या कोडमध्ये झालेल्या बदलांची मोजदाद. आणि एज म्हणजे आजच्या इंटरफेसच्या मागचे किती इंटरफेस ही लायब्ररी अजूनही निभावते तो आकडा.

लिबकर्लच्या बांधणीच्या फाइलमध्ये हे तीन अंक १२, ० आणि ८ असे दिले आहेत. म्हणजे आजचा इंटरफेस बारावा, आणि मागचे आठही चालतात. चार क्रमांकाच्या इंटरफेसवर बांधलेल्या प्रोग्रामपासून बाराव्यावर बांधलेल्यापर्यंत कोणीही या एका फाइलवर चालेल. लिनक्सवर लिबटूल यातून नाव बांधते ते असे: पहिला अंक करंट वजा एज, दुसरा एज, तिसरा रिव्हिजन. बारातून आठ गेले, राहिले चार. म्हणून ४.८.०.

यातल्या पहिल्या अंकाचे स्थान विशेष आहे. प्रोग्राम बांधताना लिंकर लायब्ररीच्या पोटातले एसओ-नेम वाचतो आणि तेवढेच प्रोग्रामात टिपून ठेवतो. लिबकर्लच्या बाबतीत ते लिबकर्ल.एसओ.४ असते. पुढचे आठ आणि शून्य प्रोग्रामला माहीतही नसतात. प्रोग्राम सुरू होताना लोडर तेवढ्याच नावाची फाइल शोधतो. ती मिळाली तर पुढे जातो, नाही मिळाली तर तिथेच थांबतो. ‘आपले जमेल की नाही’ या प्रश्नाचे सगळे उत्तर एका वजाबाकीत सामावले आहे.

सूत्र १: आरंभ शून्य, शून्य, शून्य.

इथे फार थांबण्यासारखे नाही, एक गैरसमज तेवढा दूर करायचा आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या सिमँटिक व्हर्जनिंगच्या पद्धतीत पहिला अंक शून्य असेल तर ती कच्ची आवृत्ती समजतात आणि तिच्यात काहीही, कधीही बदलू शकते. लिबटूलच्या शून्यात अशी सवलत नाही. इथला शून्य हा शून्य क्रमांकाचा इंटरफेस आहे आणि लायब्ररी एकदा लोकांच्या हाती गेली की तो पाळायचाच असतो.

सूत्र २: अंक बदलावेत ते जाहीर प्रकाशनाच्या अगदी आधी, एरवी नाही.

दोन प्रकाशनांच्या मधल्या काळात फंक्शन जन्मते, नाव बदलते, कधी पुन्हा नाहीसेही होते. बाहेरच्या कोणी ते पाहिलेले नसते, म्हणून त्याची नोंद अंकांत करायची नाही. दर कमिटला अंक वाढवत गेले तर करंट उगाच फुगतो आणि त्याचा अर्थ विरळ होत जातो.

सूत्र ३: कोडमध्ये काहीही बदलले असेल तर रिव्हिजन एकाने वाढवावा.

काहीही म्हणजे खरोखर काहीही. एका ओळीची दुरुस्ती असली तरी चालेल. हा अंक साधा दिसतो, पण शेअर्ड लायब्ररी असण्याचे कारणच त्याच्यात आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली. १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्यांत ती होती आणि १.०.१जीमध्ये ती बुजवली गेली. ओपनएसएसएलचे क्रमांक लिबटूलच्या हिशेबाने चालत नाहीत, पण तत्त्व तेच: दुरुस्ती झाली तरी एसओ-नेम लिबएसएसएल.एसओ.१.०.० असेच राहिले. त्यामुळे सर्व्हरवर एक पॅकेज बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की त्या लायब्ररीवर चालणारा मेल सर्व्हर, वेब सर्व्हर, डेटाबेस सगळे एकदमच दुरुस्त झाले. एकाही प्रोग्रामला पुन्हा कंपाइल करावे लागले नाही. सेवा पुन्हा सुरू करणे मात्र आवश्यक होते, कारण आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुनी फाइल डिस्कवरून पुसली गेली तरी मेमरीत तिलाच धरून बसते. ज्यांनी लायब्ररी प्रोग्रामातच स्टॅटिक लिंक केली होती, त्यांना एकेक प्रोग्राम शोधून नव्याने बांधावा लागला.

इथे पूर्वपक्ष असा: इंटरफेस बदलला नाही, फक्त आतला कोड बदलला, म्हणजे कोणाचे काही बिघडणार नाही. उत्तर असे की बिघडू शकते, आणि याचे गाजलेले उदाहरण मेम-कॉपी या फंक्शनचे आहे. मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे उतरवायचा एवढेच त्याचे काम. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतील तर काय होईल याची हमी सी भाषेचे मानक देत नाही, त्यासाठी मेम-मूव्ह हे वेगळे फंक्शन आहे. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ मध्ये जी-लिब-सी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचे नवे, वेगवान मेम-कॉपी आले. काही प्रोसेसरांवर ते तुकडा शेवटाकडून मागे मागे उतरवत असे. अडोबीचे फ्लॅश प्लगइन एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांसाठी मेम-कॉपीच वापरत होते. पूर्वी ते निभावून जायचे, आता व्हिडिओचा आवाज खरखरू लागला. त्या तक्रारीवरच्या चर्चेत खुद्द लिनस टॉरवाल्ड्स उतरले. वापरणाऱ्याला मानकाशी देणेघेणे नसते, काल चालणारी गोष्ट आज बंद पडली एवढेच त्याला दिसते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. चूक फ्लॅशची, हे नियमाने खरे. पण मला टॉरवाल्ड्स यांची बाजू पटते. ज्याच्या घरी आवाज खरखरतो त्याच्या हातात फ्लॅशचा सोर्स कोड नाही. दुरुस्ती करायला तोच असमर्थ आहे, आणि भोगतोही तोच.

जी-लिब-सीने यावर काढलेला तोडगा पाचव्या सूत्रात येईल.

सूत्र ४: इंटरफेसमध्ये काही वाढले, गेले किंवा बदलले असेल तर करंट एकाने वाढवावा आणि रिव्हिजन शून्य करावा.

सगळी अडचण ‘बदलले’ या अटीत आहे. वाढले किंवा गेले हे पटकन कळते. बदलले हे कोड वाचून कळतेच असे नाही. फंक्शनचे नाव तेच, हेडर फाइल जवळपास तीच, प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला तर एक तक्रार येत नाही, आणि तरीही आधी कंपाइल झालेला प्रोग्राम कोसळतो. सोर्स पातळीवरची जुळणी म्हणजे एपीआय आणि कंपाइल झाल्यानंतरची जुळणी म्हणजे एबीआय. एसओ-नेम ही दुसरी गोष्ट सांगते, आणि लेखकाचे लक्ष बहुधा पहिलीवर असते.

समजा हेडरमध्ये एक स्ट्रक्चर आहे आणि त्याच्या शेवटी एक फील्ड वाढवले. वाटते की शेवटीच तर जोडले, कोणाला काय त्रास? पण ते स्ट्रक्चर वापरणाऱ्या प्रोग्रामने त्याच्यासाठी जागा स्वतः राखली असेल तर ती जुन्या आकाराची असते. नवी लायब्ररी नव्या फील्डमध्ये लिहायला जाते आणि शेजारच्या मेमरीवर लिहून बसते. स्थिरांकांच्या यादीत मधेच एक नाव घातले तर खालच्या सगळ्यांच्या किमती एकेकाने सरकतात, आणि जुन्या प्रोग्रामात जुन्या किमती कोरलेल्या असतात. सी++ मध्ये क्लासमध्ये मधेच एक व्हर्च्युअल फंक्शन जोडले की फंक्शनांच्या तक्त्यातली जागा सरकते आणि जुना प्रोग्राम भलतेच फंक्शन बोलावतो. यातली कुठलीच चूक कंपायलर दाखवत नाही, कारण त्याला एका वेळी एकच बाजू दिसते.

जाणत्या लेखकांनी या गोष्टींवर तोडगे शोधले, ते पाहण्यासारखे आहेत. झां-लू गाइयी आणि मार्क ॲडलर यांची झेडलिब १९९५ पासून जगभर वापरात आहे आणि तिचे एसओ-नेम आजही लिबझेड.एसओ.१ असेच आहे. तिच्यात दाबलेला मजकूर उलगडण्याची तयारी करणारे इन्फ्लेट-इनिट हे फंक्शन दिसते, पण ते खरे तर मॅक्रो आहे. कंपाइल होताना ते खऱ्या फंक्शनला आणखी दोन गोष्टी गुपचूप पुरवते: हेडरमधला आवृत्तीचा मजकूर आणि त्या प्रोग्रामच्या दृष्टीने स्ट्रक्चरचा आकार किती बाइटांचा आहे तो आकडा. लायब्ररी चालताना आवृत्तीचे पहिले अक्षर आणि स्ट्रक्चरचा आकार दोन्ही स्वतःशी ताडून बघते. जुळले नाही तर मेमरीला हात न लावता आवृत्तीची चूक असल्याचे कळवून परत फिरते. दोन ओळींची तपासणी, पण तिच्यामागे केवढा विचार आहे! फाइलच्या नावातला अंक चुकला, तरी ही तपासणी पहाऱ्यावर असते.

लिबकर्लची रीत आणखी कडक. तिच्या पर्यायांना हाताने ठरवलेले कायमचे क्रमांक आहेत. एखादा पर्याय काढून टाकला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला दिला जात नाही. तो जुना झाल्याची नोंद हेडरमध्ये तशीच राहते. ओपनएसएसएलने ऑगस्ट २०१६ मध्ये १.१.० काढताना उलट दिशेने पाऊल टाकले: बरीचशी स्ट्रक्चरे हेडरमधून उचलून लायब्ररीच्या आत लपवली. त्या वेळी असंख्य प्रोग्रामांचा कोड बदलावा लागला आणि लोक वैतागलेही. पण आतली मांडणी बाहेर दिसेनाशी झाली की ती बदलताना कोणाला धक्का लागत नाही. एकदाच सोसलेला त्रास पुढच्या अनेकांना वाचवतो, आणि म्हणून तो निर्णय योग्यच होता असे मी म्हणेन.

सूत्र ५: इंटरफेसमध्ये भर पडली असेल तर एज एकाने वाढवावा.

आधीच्या सूत्राने करंट एकाने वाढला, आता एजही वाढला. वजाबाकी होती तीच राहते. लिबकर्ल ११:०:७ वरून १२:०:८ वर गेली तेव्हा ४.७.० ची ४.८.० झाली, पहिला चार हलला नाही, आणि कुठल्याही जुन्या प्रोग्रामला काही कळलेही नाही. भर एका फंक्शनची असो की पाचांची, एका प्रकाशनात हा अंक एकानेच वाढतो.

म्हणून नीट सांभाळलेल्या लायब्ररीत करंटच्या बरोबरीने एजही वाढत जातो. करंट नुसता वाढला तर त्यातून बदल झाला एवढेच समजते. एज सोबत वाढला तर नवे देताना जुने काढून घेतलेले नाही, हे समजते. एखादी लायब्ररी निवडायची झाली तर मी तिच्या जाहीर आवृत्तीआधी फाइलच्या नावातला मधला अंक बघतो.

या सूत्राला एक मर्यादाही आहे. हमी फक्त मागच्यांना आहे, पुढून मागे येणाऱ्यांना नाही. ४.८ वर बांधलेला प्रोग्राम ४.७ असलेल्या जुन्या मशिनवर नेला तर लोडरला लिबकर्ल.एसओ.४ सापडते आणि तो समाधानाने पुढे जातो. नवे फंक्शन मात्र तिथे नसते. लोडर नावे गरज पडेल तेव्हाच शोधत असेल, तर प्रोग्राम व्यवस्थित सुरू होतो आणि त्या फंक्शनची पहिली हाक जाते त्या क्षणी बंद पडतो. काम अर्ध्यावर आलेले असताना.

जी-लिब-सीने यावर सिम्बॉल व्हर्जनिंगचा मार्ग घेतला. कल्पना मूळ सोलारिसवरची. जी-लिब-सीने २.१ या आवृत्तीपासून ती अंगीकारली आणि पुढे नेली. यात आवृत्ती फाइलला एकदाच न लावता प्रत्येक फंक्शनच्या नावाला लावतात. मेम-कॉपीच्या प्रकरणाचा निकाल याच मार्गाने लागला. २०११ मध्ये जी-लिब-सी २.१४ आली तेव्हा ६४ बिटांच्या इंटेल मशिनवर मेम-कॉपी दोन झाली. एकीवर २.२.५ चा शिक्का, दुसरीवर २.१४ चा. आधी बांधलेल्या प्रोग्रामांना जुन्या शिक्क्याची मिळते, जी आतून मेम-मूव्हसारखीच सांभाळून वागते. नव्याने बांधणाऱ्यांना नवी, वेगवान मिळते. दोघी एकाच फाइलमध्ये नांदतात. म्हणूनच लिबसी.एसओ.६ हे नाव १९९७ सालच्या जी-लिब-सी २.० पासून आजवर टिकले आहे.

याची किंमत पुढून मागे येणाऱ्यांनी मोजली. नव्या मशिनवर बांधलेला प्रोग्राम सेंटओएस ६ वर नेला, की तिथली २.१२ ची जी-लिब-सी पाहून लोडर सुरुवातीलाच सांगत असे, २.१४ सापडत नाही. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये प्रोग्रामच्या आरंभीच लागणाऱ्या फंक्शनवर नवा शिक्का बसला, त्यामुळे त्यानंतर बांधलेला साधासुधा प्रोग्रामही त्याआधीच्या सिस्टीमवर चालेनासा झाला. पायथनची पॅकेजे बांधणारे म्हणूनच मुद्दाम जुन्या सिस्टीमवर बांधतात. मेनीलिनक्स-२०१४ हा त्यांचा प्रकार सेंटओएस ७ च्या २.१७ वर बेतलेला आहे. तरीही हा नकार मला चांगला वाटतो. प्रोग्राम दारातच थांबतो, काम अर्ध्यावर टाकून जात नाही.

सूत्र ६: इंटरफेसमधून काही गेले किंवा बदलले असेल तर एज शून्य करावा.

क्रमाचा अर्थ इथे उलगडतो. एकाच प्रकाशनात काही वाढले आणि काही गेलेही, तर पाचव्या सूत्राने एज आधी वाढतो आणि सहाव्याने लगेच शून्य होतो. शब्द शेवटच्या सूत्राचा. दहा नव्या गोष्टी दिल्या म्हणून काढून घेतलेल्या एकीची भरपाई होत नाही.

लिबकर्लचे अंक हाताशी आहेतच, त्यांवर हे लावून बघू. आज १२:०:८. उद्या एखादे फंक्शन काढून टाकले तर करंट तेरा, एज शून्य. तेरातून शून्य गेले, राहिले तेरा. नवे एसओ-नेम लिबकर्ल.एसओ.१३ होईल. चारनंतर पाच येणार नाही, थेट तेरा येईल. लायब्ररींच्या नावांत अधूनमधून दिसणाऱ्या अशा उड्यांचे रहस्य हेच. मधले अंक वाया गेले असे नाही. पाच ते बारा हे सगळे इंटरफेस चारच्या पदराखाली सुखाने जगले, एवढाच त्या उडीचा अर्थ.

कर्लने शेवटची अशी उडी घेतली ती ऑक्टोबर २००६ मध्ये, ७.१६.० या आवृत्तीत, तिनावरून चारवर. एफटीपीने दोन परक्या सर्व्हरांमध्ये थेट फाइल पाठवण्याची एक सोय तेव्हा काढून टाकली गेली. फारच थोडे लोक ती वापरत असत. नियमाप्रमाणे नाव बदलायलाच हवे होते आणि ते बदलले. पण ज्यांनी त्या सोयीला कधी हात लावला नव्हता त्यांचे प्रोग्रामही जुने नाव शोधू लागले.

डेबियन या लिनक्स वितरणाने तेव्हा काय केले ते बारकाईने पाहावे. त्यांनी फाइल घेतली लिबकर्ल.एसओ.४, पण पॅकेजचे नाव लिबकर्ल३ असेच ठेवले, आणि जुन्या प्रोग्रामांसाठी लिबकर्ल.एसओ.३ ही सिमलिंक नव्या फाइलकडे वळवली. ती काढलेली सोय कोणाच्या नित्याच्या वापरात नाही, मग शेकडो पॅकेजे नव्याने का बांधायची, हा त्यांचा हिशेब. ही तडजोड दहा वर्षांहून अधिक काळ चालली. २०१८ मध्ये ओपनएसएसएल १.१ कडे जाताना मात्र नाव बदलून लिबकर्ल४ करावे लागले. लिबकर्लचा स्वतःचा इंटरफेस तेव्हाही बदललेला नव्हता. पण तिचा एक पर्याय ओपनएसएसएलचे स्ट्रक्चर वापरणाऱ्या प्रोग्रामच्या थेट हाती देतो. ते स्ट्रक्चर बदलले, म्हणजे दुसऱ्याच्या घरातला बदल आपल्या दारातून बाहेर पडला. डेबियनने सिम्बॉलवरचा शिक्काही ‘कर्ल ओपनएसएसएल ३’ वरून ‘४’ केला. उबुंटू १८.०४ वर त्या वर्षी अनेकांना जुना शिक्का सापडत नसल्याचा जो संदेश दिसला, तो याचाच. लिबकर्ल३ आणि लिबकर्ल४ ही पॅकेजे एकत्र बसवताही येत नव्हती, कारण दोन्हींच्या पोटात एकाच नावाची फाइल होती: लिबकर्ल.एसओ.४.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. ३२ बिटांच्या मशिनवर सेकंद मोजणारा अंक १९ जानेवारी २०३८ रोजी भरून वाहणार आहे, म्हणून डेबियनने २०२४ मध्ये त्यांतल्या बहुतेक प्रकारच्या मशिनांवर वेळेचा प्रकार ६४ बिटांचा केला. वेळ घेणाऱ्या-देणाऱ्या हजारो फंक्शनांची रूपे एका फटक्यात बदलली, आणि ज्या लायब्ररींची ती फंक्शने होती त्यांच्या कोडमध्ये एक ओळही बदलली नव्हती. सूत्र ४ लायब्ररीच्या लेखकाला विचारते, काही बदलले का? त्याने प्रामाणिकपणे नाही म्हटले तरी उत्तर चूक ठरते, कारण बदल कंपाइल करण्याच्या परिस्थितीत झाला आहे. डेबियनने फाइलींची नावे न बदलता पॅकेजांच्या नावांना टी६४ असे शेपूट जोडले. आज लिबकर्लचे पॅकेज तिथे लिबकर्ल४टी६४ या नावाने मिळते, ज्या ६४ बिटांच्या मशिनांवर प्रत्यक्षात काहीच बदलले नाही तिथेसुद्धा. लिबकर्ल३, लिबकर्ल४, लिबकर्ल४टी६४: पॅकेजची तीन नावे झाली आणि आतली फाइल या सगळ्या काळात लिबकर्ल.एसओ.४ हीच राहिली. डेबियनवर पसाऱ्याचा आरोप होतो, मला तो मान्य नाही. लेखकाच्या अंकाला जे सांगता येत नव्हते, ते वाटप करणाऱ्यांनी आपल्या नावात नोंदवले आणि लोकांची मशिने चालू ठेवली.

सूत्र ७: हे अंक पॅकेजच्या जाहीर आवृत्तीशी जुळवण्याच्या फंदात पडू नये.

हे मूळ मार्गदर्शिकेतले सर्वांत कठोर वाक्य आहे आणि सर्वांत जास्त मोडले जाणारेही. नवा लेखक आपल्या लायब्ररीची २.१.३ ही आवृत्ती काढतो आणि लिबटूलला तेच तीन अंक देऊन टाकतो. लिबटूल लगेच हरकत घेते, कारण एज हा करंटपेक्षा मोठा असू शकत नाही. ही चूक पकडली जाते म्हणून ती सुदैवी. ३.१.२ दिली असती तर निमूटपणे लायब्ररी बांधली गेली असती आणि एसओ-नेममध्ये एक निरर्थक अंक कायमचा बसला असता.

जाहीर आवृत्ती लोकांशी बोलते. तिच्यात उत्सव असतो, नव्या पर्वाची घोषणा असते. कर्लने मार्च २०२३ मध्ये पंचविसाव्या वाढदिवशी ८.०.० काढली. पहिला अंक सातवरून आठ झाला आणि एसओ-नेममधला चार जागचा हलला नाही, कारण कोणाचे काही मोडले नव्हते. दोन्ही अंक आपापल्या जागी खरे होते. उलट टोकाला आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी. तिच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला एसओ-नेम बदलते, आणि सी फंक्शनांच्या नावांच्या शेवटीही मॅक्रोने तो क्रमांक चिकटवला जातो. तिचे लेखक दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये एबीआयच्या स्थैर्याचे वचन देत नाहीत, पण एका प्रोग्रामात दोन आवृत्त्या आल्या तरी त्या आपसांत मिसळत नाहीत. वापरणाऱ्यांना वरचेवर नवे बांधकाम करावे लागते, तरी यात फसवणूक नाही.

या सूत्राला एक अपवाद मात्र मला मनापासून आवडतो, आणि मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे. हार्फबझ ही लायब्ररी अक्षरांना रूप देण्याचे काम करते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कसे जोडायचे, ‘र्क’मधला रफार कोणाच्या डोक्यावर बसवायचा, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी न्यायची, हे सगळे क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांत तीच ठरवते. तिच्या २.७.४ या आवृत्तीची फाइल होती लिबहार्फबझ.एसओ.०.२०७०४.०. मधला आकडा दोन, सात, चार या अंकांना प्रत्येकी दोन स्थाने देऊन, ते सलग मांडून केलेला आहे. म्हणजे जाहीर आवृत्ती अंकांत घुसवली आहे, जे करू नये असे सूत्र सांगते.

पण ती घुसवली आहे कुठे ते बघावे. बांधणीच्या फाइलमध्ये तीच संख्या करंटला दिली होती आणि तीच एजला. वजाबाकी नेहमी शून्य. पुढे आकडा काढायची पद्धत बदलली, ८.३.० ला तो ६०८३० झाला, तरी आधीचे शून्य तसेच राहिले. सूत्राचे शब्द मोडले आहेत आणि हेतू पाळला आहे, असे माझे मत आहे. सूत्राला भीती होती ती जाहीर आवृत्ती वाढली की एसओ-नेम उगाच बदलेल याची. इथे जाहीर आवृत्ती कितीही वाढली तरी ती सगळी एजमध्येच जमा होते. एसओ-नेम बदलायचे तर आवृत्ती वाढवून भागणार नाही, कोणाला तरी बांधणीची फाइल उघडून ते शून्य हाताने खोडावे लागेल.